दोन वर्षांच्या सेवेसाठी बॅगा : रावपुऱ्यातील दुकानाचा अनुभव

युगांडात दोन वर्षांच्या मिशन-सेवेसाठी जायचे असल्याने आम्ही बडोद्यातील रावपुऱ्याच्या एका जुन्या दुकानातून बॅगा घेतल्या. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलोच वजन देतात, म्हणून दुकानदारकाकांनी रिकाम्या बॅगा काट्यावर ठेवल्या आणि आम्हाला आवडलेली, पण पाच किलो भरलेली महागडी बॅग स्वतःच बाजूला सारली. ही सचोटी मला मनापासून भावली. तिकडे वर्षातून दोनदा पावसाळा असतो हे कळताच त्यांनी चेनमागची रबरी पट्टी बोटाने उलगडून दाखवली. पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड (ते लसीनंतर 10 दिवसांनीच ग्राह्य होते), पासपोर्ट आणि आईचे मराठी बायबल मावेल असा कप्पाही हातपिशवीला शिवून दिला. एक टाका सैल निघाला, तो दुसऱ्या दिवशी विनामूल्य पक्का करून मिळाला.