अटॅक ऑन टायटन ट्रिब्यूट गेम: दोन दोर, एक मान आणि भरपूर आपटणं

टायटन, म्हणजे माणसं खाणारे राक्षस, मारायला म्हणून हा गेम उतरवून घेणार असाल, तर पहिला अर्धा तास टायटन जवळून दिसेल तो बहुतेक त्याच्या मुठीतूनच. तेवढं सोसायची तयारी असेल तर पुढे वाचा.

फेंग ली या डेव्हलपरने युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेला हा फुकट गेम, चाहत्यांच्या तोंडी ‘एओटीटीजी’. २०१३ साली ‘अटॅक ऑन टायटन’ हे जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका, आलं; त्यात सैनिक कमरेच्या हुक-दोरांवर गॅसच्या जोराने उडत टायटनांशी पात्यांनी लढतात. त्याच वर्षी हा गेम ब्राउझरमध्ये खेळता येऊ लागला. दिसायला तेव्हाही साधाच होता: ठोकळ्यांसारखी घरं, एकाच साच्यातली झाडं. टायटनांचं ते खुळं हसू मात्र अस्सं जमलंय की अजूनही पोटात गोळा येतो.

सगळी मजा दोरांत आहे. क्यू दाबलं की डावा हुक सुटतो, ई दाबलं की उजवा, शिफ्टवर गॅस. सांगायला इतकंच. पण हुक आपोआप कुठेही चिकटत नाही. समोर खरोखर भिंत, झाड किंवा टायटन लागतो, आणि तोही टप्प्यात. नवीन माणूस गॅस दाबूनच धरतो आणि थेट भिंतीवर जाऊन आदळतो. झोका खाली आला की पाय मारतात, तसा गॅस योग्य क्षणी द्यायचा आणि हुक वेळेवर सोडायचा. हे हाताला कळलं की शहराच्या छपरांवरून जाताना थांबावंसं वाटत नाही. मी कित्येकदा टायटन सोडून नुसती जंगलात फिरत बसते. माझा भाचा वैतागतो, “मावशी, मार की त्याला!”

मारायचं म्हणजे मानेवर, मूळ कथेत आहे तसंच. पण वार किती बसला याचा आकडा ठरतो तुमच्या वेगावर. हळू जाऊन खरवडलंत तर फुसका आकडा. उंचावरून सूर मारून वळत आलात तर स्क्रीनवर भला मोठा आकडा झळकतो आणि गेम त्या क्षणाचा फोटोही काढतो. या एका युक्तीने सगळा खेळ बदलतो. टायटन पडला की नाही यापेक्षा कसा पाडला याची चढाओढ सुरू होते. पाती तुटतात, गॅस संपतो, आणि तो संपतो नेमका टायटनांच्या गराड्यात. मग जमिनीवरून पळत गॅस-पात्यांच्या साठ्यापर्यंत पोचायचं. अ‍ॅनिमे बघताना जी धाकधूक होते ती इथे खरी वाटते, कारण चूक स्वतःच्याच बोटांची असते.

ओमेगा फोर्सने केलेला आणि कोएई टेक्मोने २०१६ साली आणलेला अधिकृत गेमही मी खेळलेय. दिसायला देखणा, कथाही नीट मांडलेली. पण तिथे टायटनच्या अवयवावर निशाणा लॉक केला की दोर पुढचं बरंच सांभाळून घेतो. इथे सांभाळणारं कोणी नाही, आणि मला तेच आवडतं.

पात्रांत लिव्हायचा गिरकीचा वार सगळ्यांनाच हवा असतो. नवख्यांना मी जाँ सुचवेन; मुठीत सापडल्यावर सुटायची सोय त्याच्याकडे आहे, आणि तुम्हाला ती लागणारच. साधे टायटन समजतात, उड्या मारणारेही एकवेळ परवडले. रांगणारे मात्र शुद्ध छळ आहेत! मान जमिनीलगत, आणि जमिनीलगत वेग घ्यायचा कसा?

कथा म्हणाल तर नाहीच, एकट्याने खेळायला मजकूरही तुटपुंजा. भिंतीला चिकटलात की कॅमेरा भलतीकडेच बघतो. शिकवणारं धड कोणी नाही. ऑनलाइन खोलीत जुना खेळाडू डोक्यावरून सुसाट जाताना बघायचं आणि त्याची नक्कल करायची. चाहत्यांनी पुढे काढलेल्या ‘आरसी मॉड’ या बदललेल्या आवृत्तीत स्वतःचे नकाशे आणि पोशाख वापरता येतात, आणि शर्यतीच्या नकाशांवर तर टायटनांची गरजच उरत नाही.

ब्राउझरमधली मूळ आवृत्ती विसरा. ती ज्या युनिटी वेब प्लेअरवर चालायची, त्याला लागणारा आधार क्रोमने २०१५ साली काढून टाकला. आता कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. आणि कोणी पैसे मागत असेल तर सरळ बाहेर पडा. हा चाहत्यांचा खेळ आहे, कथेचे हक्क दुसऱ्यांचे आहेत, विकायचा प्रश्नच नाही. फाइल उघडण्याआधी अँटिव्हायरसने तपासून घ्या. कॉम्प्युटर साधा असला तरी चालेल, पण माउस जोडाच. डाव्या हाताची बोटं हुक आणि गॅसवर अडकलेली असताना टचपॅडवर मान शोधणं कोणाच्याच बापाला जमणार नाही.