वादळानंतरचा क्लेम: स्वतः करावा की पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमावा?

फ्लोरिडातल्या आमच्या घराने दोन चक्रीवादळं सोसली. २०२२ च्या इयनचा क्लेम पब्लिक अ‍ॅडजस्टरने (फी घेऊन आपल्या बाजूने विमा कंपनीकडे क्लेम मांडणाऱ्या माणसाने) केला, २०२४ च्या मिल्टनचा मी स्वतः. पुराच्या पाण्याची पॉलिसी वेगळी, ती इथे धरलेली नाही.

अ‍ॅडजस्टरचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. छतावर नेऊन त्याने मला एक शिंगल, म्हणजे छताच्या आच्छादनाचा एक तुकडा, दाखवली. जागेवरच होती, पण खालचा डिंक सुटल्यामुळे बोटाने अलगद उचलली जात होती. विमा कंपनीच्या माणसाने ती नोंदवलीच नव्हती. आणीबाणी जाहीर झालेल्या वादळात पहिलं वर्षभर त्याला आपल्याला क्लेममधून मिळालेल्या रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त फी घेता येत नाही. ऐकायला कमी वाटते. पण चार लाख डॉलरच्या विम्यावर २ टक्के हरिकेन डिडक्टिबल (वादळाच्या नुकसानीतला आपण सोसायचा वाटा) म्हणजे ८,००० आधीच आपल्या खिशातून, आणि फी जाते ती दुरुस्तीच्याच पैशातून.

तरी मला फीचं वाईट वाटलं नाही. जीव मेटाकुटीला आणला तो चेकने. त्यावर तीन नावं: आमचं, गृहकर्जाच्या बँकेचं आणि अ‍ॅडजस्टरचं. पाकीट आधी त्याच्याकडे, मग आमच्याकडे, मग बँकेच्या परराज्यातल्या कार्यालयात. पैसे मंजूर झालेले, आणि छतावर निळी ताडपत्री रात्रभर फडफडतेय. झोप लागायची नाही. कंपनीला काही विचारायचं तरी त्याच्यामार्फत, आणि वादळानंतर त्याच्याकडे आमच्यासारखी कितीतरी घरं.

मिल्टनच्या वेळी बँकेचं नाव होतंच, पण एक सही कमी झाली. मेहनत मात्र आपली. ताडपत्री घालण्याआधी फोटो काढले, भिजलेल्या ड्रायवॉलचा (भिंतीच्या जिप्सम बोर्डचा) तुकडा तारीख लिहून पिशवीत ठेवला, प्रत्येक फोन वहीत टिपला. कंपनीच्या अ‍ॅडजस्टरचा तपशीलवार अंदाज तयार झाल्यावर ७ दिवसांत मिळायला हवा. तो मी रूफरच्या (छताचं काम करणाऱ्याच्या) अंदाजाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिला. सॉफिट (छताच्या बाहेर आलेल्या कडेखालचा भाग) राहून गेला होता, त्यासाठी पुरवणी क्लेम केला. त्याला वादळाच्या तारखेपासून १८ महिने मिळतात. मूळ क्लेम मात्र वर्षाच्या आत कळवावा लागतो.

क्लेम फेटाळला गेला असेल, अख्खं छत बदलायचं असेल किंवा घरी कागदपत्रं सांभाळणारं कुणी नसेल, तर अ‍ॅडजस्टर नेमणं कदाचित शहाणपणाचं. आमच्याएवढ्या नुकसानीला मी पुन्हा स्वतःच करेन. निदान कंपनीचा अंदाज हातात पडेपर्यंत तरी करारावर सही करू नये, असं मला वाटतं.