हायड्रॉलिक हाताचं तयार किट: आठ सिरिंजा, एमडीएफचे तुकडे आणि एक चुकीचा तक्ता

सहावी ते आठवीच्या गटासाठी सर्वांत जास्त खपणाऱ्या तयार किटांपैकी हे एक. स्टेशनरीच्या दुकानात ते ‘हायड्रॉलिक आर्म’, ‘जेसीबी’ किंवा ‘रोबो हँड’ या नावांनी मिळतं. डबा कुठलाही घ्या, आतला माल जवळजवळ तोच असतो: ३ मिमी जाडीच्या एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) लेझरने कापलेले तुकडे, १० मिलीच्या आठ सिरिंजा, दोनेक मीटर पारदर्शक नळी, ३ मिमीचे स्क्रू-नट, केबल टाय, चित्रांचा एक कागद आणि भिंतीवर लावायचा छापील तक्ता. किंमत साधारण चारशे ते सातशे रुपये. यंत्र म्हणून किट चांगलं आहे. विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प म्हणून मात्र ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं मेडिकलच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांत मिळतं.

आधी चांगलं ते. लेझरने कापलेल्या खाचा एकमेकींत नीट बसतात. पुठ्ठ्याच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्यांच्या हाताला सांध्यात जो डुगडुगेपणा येतो, तो इथे नसतो. आठ सिरिंजांच्या चार जोड्या होतात. जोडीतल्या दोन सिरिंजा पाण्याने भरलेल्या नळीने जोडलेल्या असतात; एकीचा दट्ट्या आपण दाबतो, दुसरीचा हात हलवतो. बूड फिरवायला एक, खांद्याला एक, कोपराला एक आणि पंजाला एक. तुकडे कागदावरच्या चित्रात ओळखता येतात, पण टेबलावर पसरले की सारखेच दिसतात. म्हणून चौकटीतून सुटे करण्याआधीच प्रत्येकावर पेन्सिलने आकडा टाकावा. जळक्या कडांची काळी पूड हाताला आणि तक्त्याला लागते, ती बारीक पॉलिश पेपरने घासून काढावी. एमडीएफ पाण्याने फुगतं, आणि या यंत्रात पाणी कधी ना कधी सांडणारच. त्यामुळे जोडणीआधी बुडाच्या पाटाला तरी फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून एक थर द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा.

जोडताना सांध्यावर फेव्हिकॉलचा थेंब जाऊ देऊ नका. सांध्याचा स्क्रू पूर्ण आवळून मग अर्धा फेरा सैल करायचा आणि त्यावर दुसरा नट घट्ट बसवायचा. एकच नट ठेवला, तर हात वीस-पंचवीस वेळा वरखाली झाला की तो आपोआप सुटतो. सिरिंज चिकटवायच्या भानगडीत तर पडूच नये. तिचं नळकांडं पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्यावर फेव्हिक्विक किंवा एम-सील धरत नाही. केबल टायच वापरावा, पण हलक्या हाताने. तो करकचून आवळला की नळकांडं किंचित लंबगोल होतं, रबरी बूच एका बाजूने सुटतं आणि पाणी दट्ट्याच्या मागे झिरपायला लागतं. ‘सिरिंज गळकी निघाली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

किटचा कागद सर्वांत कमी सांगतो ते पाणी भरण्याबद्दल, आणि निम्मे प्रकल्प तिथेच फसतात. एका जोडीत पाणी किती हवं? एक सिरिंज पूर्ण भरलेली, दुसरी शून्यावर, आणि मधली नळी भरलेली. ३ मिमी आतल्या व्यासाच्या ५० सेमी नळीत साडेतीन मिली पाणी मावतं, ४ मिमीच्या नळीत सव्वासहा मिली. पाणी कमी पडलं तर हात पूर्ण उघडत नाही. जास्त झालं तर दट्ट्या शेवटी नळकांड्याबाहेर निसटतो आणि परीक्षकांच्या बुटांवर निळं पाणी पडतं.

कृती अशी: बादलीतल्या पाण्यात पहिली सिरिंज भरा, नाक (सुई बसते ते टोक) वर धरून टिचक्या मारा आणि बुडबुडे बाहेर काढा. नळीचं टोक दहा सेकंद गरम पाण्यात बुडवून मऊ करा व नाकावर पक्कं बसवा. दुसऱ्या टोकातून पाणी ठिबकेपर्यंत दट्ट्या दाबा. मग नळी न काढता, ते टोक बादलीत बुडवून पहिली सिरिंज पुन्हा १० पर्यंत ओढून घ्या. आता दुसरी सिरिंज शून्यावर दाबून पाण्याखालीच नळीत खुपसा. पाण्यात खायचा रंग चिमटीपेक्षा जास्त नको. प्रत्येक जोडीला वेगळा रंग दिला की बुडबुडाही दिसतो आणि कुठला दट्ट्या कशाचा हेही कळतं.

हवा का नको, हे आकड्यात पाहा. १० मिली सिरिंजच्या बुचाचं क्षेत्रफळ १.७ चौसेमीच्या आसपास असतं. त्यावर एक किलोचा जोर दिला की आतला दाब वातावरणाच्या साधारण दीडपट होतो. नळीत २ मिली हवा राहिली असेल तर ती दबून १.३ मिलीपर्यंत येते, म्हणजे दट्ट्याची सुमारे ४ मिमी चाल हवेतच जिरते. मग हात आधी हलत नाही आणि नंतर एकदम दचकून उठतो.

परतीची चाल हे या रचनेचं मूळ दुखणं आहे. दाबताना पाणी हवा तेवढा दाब वाहून नेतं, पण ओढताना फक्त बाहेरची हवा काम करते. १० मिलीच्या सिरिंजला ओढून पावणेदोन किलोपेक्षा जास्त बळ मिळूच शकत नाही, शिवाय नळीच्या जोडातून हवा आत शिरते. उपाय साधा आहे: कोपर आणि पंजाला परत आणण्यासाठी एकेक रबरबँड लावा, दट्ट्या फक्त दाबण्यासाठी ठेवा.

बूच कोरडं पडलं की चिकटतं. त्याला खोबरेल तेल किंवा मशिनचं तेल लावू नका, बूच फुगून आणखी अडकतं. मेडिकलमधलं ग्लिसरीन बोटाने पुसटसं लावलं की पुरतं.

आता तक्त्याकडे. ‘पास्कलच्या नियमानुसार कमी बळात जास्त वजन उचलले जाते’ असं त्यावर छापलेलं असतं, बाजूला गाडी उचलणाऱ्या जॅकचं चित्र. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा तो नियम. नियम खरा आहे, पण डब्यातल्या आठही सिरिंजा एकाच मापाच्या! दोन्हीकडे क्षेत्रफळ सारखं असेल तर बळ वाढत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचतं. उलट हाताच्या रचनेत ते घटतं. खांद्याचा दट्ट्या सांध्यापासून ३ सेमीवर ढकलतो आणि पंजा २० सेमीवर असतो. म्हणजे पंजात ५०० ग्रॅम उचलायला दट्ट्यावर ३.३ किलोहून जास्त जोर लागतो, घर्षण आणि हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. चौकस परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात, आणि तक्ता पाठ केलेलं मूल अडकतं. खरं उत्तर असं: ही रचना बळ नाही, चाल वाढवते. जेसीबीचा हातही आपल्या सिलिंडरपेक्षा लांब पल्ला असाच गाठतो, फक्त तिथे तेलाचा दाब २०० बारच्या वर असतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाएवढा दाब).

विज्ञान प्रदर्शनासाठी एनसीईआरटीच्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या) मूल्यमापनाच्या निकषांत मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला २० टक्के गुण आहेत आणि मांडणीला १०. चकचकीत किट दुसऱ्या रकान्यात मदत करतं, पहिल्यात नाही. म्हणून हात शेजारी प्रात्यक्षिकाला ठेवा आणि मुख्य प्रयोग मोजमापाचा करा. त्यासाठी मेडिकलमधून सुई नसलेल्या ५ मिली आणि २० मिलीच्या दोन-दोन सिरिंजा आणा. १० मिलीची जोडी किटमधली घ्या.

बुचाचं क्षेत्रफळ काढायला व्हर्नियर (बारीक व्यास मोजायचं साधन) लागत नाही. सिरिंजवरच्या शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते ५.८ सेमी भरलं तर १० भागिले ५.८, म्हणजे १.७२ चौसेमी. २० मिलीला हेच सुमारे ३ येतं, ५ मिलीला सुमारे १.२. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून आकडा इथून उचलू नका, आपल्याच सिरिंजचा मोजा.

एका फळीला सिरिंज मावेल एवढी दोन भोकं पाडा. सिरिंजचे कान (बोटं अडकवायच्या कडा) फळीवर टेकतील, नाक खाली राहील. फळी दोन स्टुलांवर ठेवा आणि नळी खालून जोडा. दट्ट्यावर बाटली उभी ठेवली तर ती कलते आणि दट्ट्या तिरका होऊन घासतो. त्यापेक्षा दट्ट्याच्या डोक्यावर आडवी पट्टी बांधा, तिच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या फळीच्या खाली एकत्र आणून पिशवी लोंबती ठेवा. वजन खाली राहिलं की दट्ट्या सरळ चालतो. पट्टी आणि पिशवीचं वजन आधीच करून ठेवा. दोन्ही सिरिंजा एकाच पातळीत हव्यात: ३० सेमी उंचीचा फरक प्रत्येक चौसेमीवर ३० ग्रॅम वाढवतो.

आधी ५ आणि २० मिलीची जोडी लावा. २० मिलीच्या बाजूला ५००, १०००, १५००, २००० ग्रॅम लावा. ५ मिलीच्या पिशवीतल्या बाटलीत मापाने पाणी ओतत जा आणि भार वर सरकू लागला की थांबा. १ मिली पाणी म्हणजे १ ग्रॅम. पहिलंच वाचन गणिताशी जुळणार नाही. ५०० ग्रॅमला २०० पुरायला हवेत, पण लागतील त्याहून बरेच जास्त, कारण दोन्ही बुचांचं घर्षण आधी मोडावं लागतं. इथेच बरीच मुलं वहीत आकडे ‘दुरुस्त’ करतात. करू नका. चारही वाचनं आलेखावर मांडा: २० मिलीकडचा भार आडव्या अक्षावर, ५ मिलीकडे लागलेलं वजन उभ्या अक्षावर. रेषा शून्यातून जाणार नाही, पण तिचा चढ ०.४ च्या जवळ येईल. तो चढ म्हणजे क्षेत्रफळांचं गुणोत्तर आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ते घर्षण. मग १०-१० ची जोडी लावा, चढ १ च्या आसपास येतो. तिसऱ्यांदा मोठीने छोटी ढकला, तेव्हा भार २०० ते ८०० ग्रॅम पुरे. प्रत्येक वेळी दोन्ही दट्ट्यांची चालही मोजा. ५ मिलीचा दट्ट्या ४ सेमीहून थोडा जास्त खाली जातो तेव्हा २० मिलीचा जेमतेम पावणेदोन सेमी उठतो. ‘फुकटात ताकद मिळते का?’ या प्रश्नाचं उत्तर याच रकान्यात आहे.

आठवीच्या ‘बल व दाब’ धड्यापर्यंत आलेल्या मुलाला हे सगळं स्वतः समजावता येतं. सहावीच्या मुलासाठी आलेख सोडा, तिन्ही जोड्यांच्या आकड्यांचा तक्ता पुरेल.

विकत घेताना डबा दुकानातच उघडा. सिरिंजांना रबरी बूच आहे ना पाहा, बिनबुचाच्या दोन भागांच्या सिरिंजा दाब धरत नाहीत. नाक बोटाने बंद करून दट्ट्या दाबा आणि सोडा, तो परत उसळला पाहिजे. प्रदर्शनाला नेताना प्रत्येक जोडीचे दोन्ही दट्ट्ये ५ वर ठेवा आणि हात सुतळीने बुडाला बांधा. मांडवात ऊन आलं की नळी मऊ पडून नाकावरून सुटते, म्हणून जोडावर बारीक तारेचे दोन वेढे द्या. पिशवीत दोन जादा सिरिंजा, हातभर नळी, कात्री आणि एक जुना पंचा असू द्या.