दोघांनी नागपुरात जाऊन खायचं: दिवाळी ते मृग, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर कापसाचा पहिला वेचा निघाला आणि आम्ही दोघांनी ठरवलं, जमेल त्या रविवारी नागपूर. दवाखाना नाही, कुणाचं लग्न नाही, खरेदी नाही. फक्त फिरायचं आणि खायचं. आता मृग तोंडावर आलाय, बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडल्यात, म्हणजे पोळ्यापर्यंत आमचं बाहेर पडणं बंद. तोवर जे वापरून पाहिलं ते लिहून टाकते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा पट्ट्यातल्या आमच्यासारख्या जोडप्यांना कामी येईल.

निकाल आधीच सांगते. पोट भरायला पोहेवाला आणि भोजनालय, बसायला कॅफे. कॅफेत जेवायला गेलात तर पैसेही जातात आणि बसस्टँडवर येऊन पुन्हा आलूबोंडा खावा लागतो.

जायला एसटीच बरी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ह्यांचं पूर्ण आणि माझं अर्धं, दोघांत दीड तिकिटात काम होतं. मोटारसायकलने पेट्रोल तर जातंच, शिवाय रात्री वाटेतल्या कोंढाळी गावाच्या अलीकडे-पलीकडे ट्रकांचे दिवे डोळ्यांवर घेत यावं लागतं. गाडी वाडीवरून शहरात शिरते. धरमपेठ-गोकुळपेठकडे जायचं असेल तर अमरावती रोडवरच उतरलेलं सोयीचं. गणेशपेठच्या स्टँडपर्यंत गेलात तर कॉटन मार्केटचं मेट्रो स्टेशन जवळ पडतं. तिथून लोकमान्य नगरकडची मेट्रो धरली की सीताबर्डी, झाशी राणी चौक, शंकर नगर, एलएडी चौक अशी ओळीने ठिकाणं येतात. ऑटोवाल्याशी घासाघीस करण्यात सकाळ जात नाही.

सकाळचे तर्री पोहे हा सगळ्या दिवसाचा राजा. घरी आपण पोहे करतो तेव्हा तिखट-मीठ पोह्यातच असतं. इथे पोहे मुद्दाम फिके आणि थोडे कोरडे ठेवतात, कारण सगळी कामगिरी तर्रीची. तर्री म्हणजे काळ्या चण्याचा रस्सा, वर लाल तेलाचा थर. पोहेवाल्याचा हात बघत उभं राहावं. डाव्या हातात प्लेट, उजव्या हाताने वाफेवरच्या पातेल्यातून पोह्यांचा ढीग, डावाच्या पाठीने त्याच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात चणे, मग कडेकडेने रस्सा, वरून कच्चा कांदा, चिवडा, लिंबाची फोड. तेलाचा थर बाजूला सारून खालचा रस्सा हवा की वरची तर्री, हे आधीच सांगायचं, नाहीतर तो तुमच्या तोंडाकडे पाहून ठरवतो. मला पहिल्यांदा पाहून त्याने न विचारताच फिका रस्सा घातला होता. मी प्लेट पुढे केली, म्हटलं, "भाऊ, वरची मारा." तर्री संपली की पुन्हा मागायला लाजू नका, बहुतेक जण आनंदाने घालतात.

मात्र वेळ पाळा. साडेदहानंतर चणे तळाला गेलेले असतात आणि रश्श्याचं नुसतं पाणी उरतं. पहिली गाडी धरली तरच हे जमतं. फोनवरच्या नकाशातले तारे पाहून पोहेवाला शोधू नका. चांगल्या पोहेवाल्याकडे सकाळी ऑटोवाले, पेपरवाले आणि मॉर्निंग वॉकहून परतणारे एकाच बाकाभोवती उभे असतात, ते दिसलं की थांबा. तारे कॅफेसाठीही फार कामाचे नाहीत, अर्धे तारे लोकांनी भिंतीवरच्या दिव्यांना दिलेले असतात. नकाशावर कामाचे ते लोकांनी टाकलेले मेनूकार्डाचे फोटो. भाव आधी कळतात, दारात उभं राहून एकमेकांकडे पाहायची वेळ येत नाही.

सावजीबद्दल दोन गोष्टी. एक, हे मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण, म्हणून महाल, इतवारी, गोळीबार चौक या जुन्या भागात त्याची मुळं आहेत. आता तर नागपुरात कुठेही सावजीची पाटी दिसते. दोन, त्याचं तिखट आपल्या ठेच्याचं तिखट नाही. मिरे, लवंग, दगडफूल, खसखस, भाजलेलं खोबरं असा काळा मसाला असतो आणि तो जिभेपेक्षा घशात लागतो. आमचे हे घरी हिरव्या मिरचीचा ठेचा भाकरीवर थापून खाणारे, पण सावजी मटणाच्या दुसऱ्याच घासाला कांद्याची ताटली जवळ ओढतात. आधी नुसती रश्श्याची वाटी मागवा, झेपलं तर पुढचं सांगा. मटण खात नसाल तर पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा घ्या. पाटोडी तर माझ्या मते मटणापेक्षा सरस, बेसनाची वडी रस्सा पिऊन मऊ होते पण फुटत नाही. दुपारीच जा. संध्याकाळी काही भोजनालयांत पिणाऱ्यांची गर्दी असते. बाईमाणूस दिसलं की आतल्या पडद्याच्या खणात बसवायची पद्धत काही ठिकाणी आहे. मला त्या खणात गुदमरतं. मी सरळ सांगते, बाहेर पंख्याखाली बसणार. कुणी नाही म्हटलेलं नाही.

आता कॅफे. यावर सविस्तर लिहायचंय, कारण गावात सगळ्यात जास्त प्रश्न याचेच आले. "दोनशे रुपयांची कॉफी? डोकं फिरलं का तुमचं?" हिशेबाने पाहिलं तर बरोबर आहे. धरमपेठ, रामदासपेठ, शंकर नगर या भागांत साधी कॉफी दीडशेच्या खाली क्वचितच मिळते. चीज सँडविचला त्याहून जास्त घेतात आणि आतला पाव आपला रोजचाच असतो. पास्ता एकदा खाऊन पाहिला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पण आमच्या गावच्या स्टँडवरचं हॉटेल हे पुरुषमाणसांचं. तिथे नवरा बाकावर बसून चहा पितो आणि बायको पिशवी धरून लिंबाखाली उभी राहते, चहा तिला तिथेच हातात आणून देतात. घरी सासूबाई, दीर, जाऊबाई, पोरं. दोघांचं बोलणं होतं ते खताची थैली आणली का, फी भरली का, एवढंच, तेही एक जण दारात आणि दुसरा चुलीजवळ. कॅफेत समोरासमोर दोन खुर्च्या मिळतात आणि दोन तास कुणी उठवत नाही. मी पहिल्यांदा बिल पाहून कुरकुरले तेव्हा हे म्हणाले, "कॉफीचे वीस धर नं वं, बाकी खुर्चीचं भाडं." तेव्हापासून मी कॅफेला त्याच मापाने मोजते. खुर्ची पाठीला नीट आहे का, गाण्यांचा आवाज एवढा तर नाही की ओरडून बोलावं लागेल, अर्धा कप राहिलेला असताना पोट्टा येऊन "और कुछ?" विचारतो का. ज्या कॅफेत आम्ही परत परत गेलो तिथली कॉफी कडवट आहे, पण खिडकीजवळचं टेबल मिळतं आणि कुणी घाई करत नाही.

घरचे कितीतरी निर्णय त्या टेबलावर झाले. जाऊबाईंचं उसनं कधी फेडायचं, माझी शिलाई मशीन घ्यायची की नाही, संत्र्याच्या नव्या कलमांना ठिबक कुठून न्यायचं. ठिबकचा नकाशा ह्यांनी कागदी रुमालावर काढला होता, विहीर, बांध, व्हॉल्व्ह सगळं दाखवून. टेबल पुसायला आलेल्या पोट्ट्याने अख्खी लाईन बशीसोबत उचलून नेली. पुन्हा काढली, दुसरी कॉफी घेऊन.

एक तक्रार. एका कॅफेत बिलात जीएसटीखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला होता. हे द्यावंच लागतं असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने तो आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. ह्यांनी काउंटरवर शांतपणे एवढंच म्हटलं, "हे काढून द्या." काढून दिलं. नाही दिलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जीएसटी मात्र भरावा लागतो, त्यावर वाद घालू नका.

दुसरी तक्रार म्हणाल तर माझ्या मनाची आहे. कॅफेत संत्र्याच्या ज्यूसला जो भाव लावतात तो वाचून मी मेनूकार्ड उलटं ठेवते. त्या भावात आमच्या बांधावर किती किलो संत्री जातात हे मला माहीत आहे. रस्त्यावरचा ज्यूसवाला समोर पिळून देतो, तो घ्या.

ऋतूप्रमाणे गुण बदलतात. थंडीत फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी कणीस खात बसलं तर कॅफेची गरजच पडत नाही, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त असल्याने सांबारवडीही चांगली मिळते. एप्रिल-मेमध्ये मात्र नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, सावजीचा विचारही नको वाटतो. तेव्हा एसी असलेल्या कॅफेतली थंड कॉफी वसूल होते आणि खुर्चीचं भाडंही.

परतताना घरच्यांसाठी संत्रा बर्फी घेतो, हल्दीरामची सगळीकडे मिळते आणि प्रवासात खराब होत नाही. कचोरी नेऊ नका, घरी पोचेपर्यंत लोळते. रिकाम्या हाताने गेलात तर पुढच्या वेळी निघणं अवघड होतं, हे ज्यांच्या घरी सासूबाई आहेत त्यांना सांगायला नको. एवढं सगळं धरून दोघांचे हजाराच्या आतबाहेर जातात. सावजी वगळलं तर बरेच कमी.

लहान पोरं सोबत असतील तर हा बेत करू नका, कॅफेत ती बसत नाहीत आणि सावजीत त्यांना खाता येत नाही. आणि परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्या चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा. फोनवर दिसते ती वेळ आणि गाडी सुटते ती वेळ, यांच्या मधल्या वेळात माणूस कोंढाळीला पोचतो.