आधी पैसे, मग पार्सल: ऑफिस बॅगच्या जाहिरातीतला फसवा व्यवहार

विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एसटीने फाट्यापर्यंत आणि तिथून पुढे मिळेल त्या वाहनाने जाणाऱ्या माणसाला अशी बॅग लागते, जिच्यात हजेरीपट, डबा, पाण्याची बाटली आणि छत्री मावेल, पावसात कागद भिजणार नाहीत आणि तालुक्याला बैठकीला जाताना ती हातात घेण्याची लाजही वाटणार नाही. या हंगामात मोबाइलवर दिसलेली तपकिरी बॅग नेमकी तशीच होती: ‘अस्सल चामडे’, आत वेगळा कप्पा, बाहेर दोन खिसे, 6,499 रुपयांवर काट मारून 1,299 रुपये, आणि खाली ठळक अक्षरांत ‘वस्तू आल्यावर पैसे’.

या शेवटच्या तीन शब्दांविषयीच मला लिहायचे आहे. आमच्या भागात ऑनलाइन खरेदीला बिचकणारी माणसेसुद्धा या शब्दांवर निर्धास्त होतात, कारण वस्तू पाहायची, पटली तर पैसे द्यायचे, असा त्यांचा अर्थ आपण मनाशी धरतो. प्रत्यक्षात व्यवहार तसा होत नाही.

मी ती बॅग मागवली, पण पार्सल गावात आले नाही. कुरिअरच्या मुलाचा फोन आला, “मॅडम, गाडी गावात नाही येत, फाट्यावर या.” फाट्यावर पोहोचल्यावर मी खोके उघडून पाहू द्या म्हटले, तर तो म्हणाला, “फोडून नाही पाहता येत. आधी पैसे द्या लागते, मग तुम्ही काहीही करा.” त्या मुलाचा यात काही दोष नव्हता, त्याला तसाच हुकूम होता. म्हणजे वस्तू आल्यावर पैसे नव्हे, तर खोके आल्यावर पैसे. आणि बंद खोक्यात काय आहे हे पैसे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आत बॅग निघाली, हे मान्य केले पाहिजे. रंग साधारण तोच होता, पण आकार छायाचित्रातल्यापेक्षा बराच लहान, तळाला पुठ्ठा आणि उघडताच नाकात जाणारा सोल्यूशनचा उग्र वास. दारव्ह्याच्या बसस्थानकाजवळ चपला शिवणाऱ्या काकांना ती दाखवली, तेव्हा त्यांनी पट्ट्याची कापलेली कड अंगठ्याने उलगडून माझ्यापुढे धरली. वर रंगीत पापुद्रा, त्याखाली विणलेले पांढरे कापड. अस्सल चामड्याची कड आरपार एकाच जातीच्या तंतूंची असते, कापड आणि पापुद्रा असे दोन थर तिच्यात वेगळे होत नाहीत. मग त्यांनी आतले अस्तर सारून पट्टा जिथे बॅगेला जोडतात ती जागा दाखवली. तिथे चौकोनी शिवण घालून मध्ये फुली मारलेली असावी लागते आणि आतून जाड पट्टीचा आधार द्यावा लागतो. इथे शिलाईची एकच ओळ आणि उरलेले काम डिंकाचे. “हजेरीपट टाकाल तर पट्टाच हातात राह्यते, मॅडम,” एवढे बोलून त्यांनी बॅग परत दिली. रेग्झीनची बॅग वाईट असते असे मुळीच नाही, जाड आणि नीट शिवलेली रेग्झीन दोन-तीन पावसाळे सहज काढते. तक्रार आहे ती चामडे म्हणून रेग्झीन विकण्याची, आणि तीही इतकी पातळ.

जाहिरातीचे पान पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, तक्रार निवारण अधिकारी यांपैकी काहीच तिथे नव्हते. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क दाखवणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा असतो. पानावर होता तो फक्त एक व्हॉट्सॲप क्रमांक, आणि खोक्यावरच्या लेबलवर पाठवणाऱ्याचे नाव भलतेच.

त्या क्रमांकावर तक्रार पाठवल्यानंतर जे घडले, ते बॅगेपेक्षा जास्त धोक्याचे आहे. एका गृहस्थाचा अतिशय अदबीने फोन आला. पैसे परत करायचे आहेत, पाठवलेला फॉर्म मोबाइलमध्ये उघडा आणि यूपीआय पिन टाकून रक्कम स्वीकारा, असे त्याचे म्हणणे. तो फॉर्म म्हणजे एपीके फाइल होती, म्हणजेच परक्या माणसाने पाठवलेले ॲप. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. मी हे त्याला ऐकवताच फोन बंद झाला आणि माझा क्रमांकही ब्लॉक झाला. हजार-बाराशे रुपयांच्या बॅगेत त्यांची कमाई ती किती. नाराज गिऱ्हाइकाचा चालू क्रमांक आणि परताव्याची आस हाती लागते, खरा डाव तिथे असावा असे माझे मत झाले आहे.

असे पार्सल हाती पडलेच, तर पैसे देण्याआधीपासून मोबाइलवर चित्रीकरण सुरू करावे आणि लेबल फाडू नये, कारण त्यावरचा क्रमांक हाच एकमेव धागा असतो. कुरिअर कंपनी गोळा केलेली रक्कम विक्रेत्याला सहसा लगेच देत नाही, काही दिवसांनी देते. म्हणून तिच्याकडे त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आहे. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावावा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागू शकतो, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी 1915 वर तक्रार नोंदवली आहे, रक्कम अजून मिळालेली नाही.

रोजच्या वापरासाठी मग तालुक्याच्या दुकानातून नायलॉनची साधी काळी बॅग घेतली, दुकानातच हजेरीपट घालून, पट्टा ओढून आणि चेन दहा वेळा मागेपुढे करून. जाहिरातीतली बॅग मात्र अजूनही विकली जात आहे. पानाचे नाव तेवढे बदलले आहे, छायाचित्र आणि 1,299 हा आकडा तोच आहे.