शिक्षणावर काम करणाऱ्या परदेशी एनजीओत इंटर्नशिप : पाचपैकी साडेतीन तारे

देशाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे प्राथमिक वाचनावर काम करणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत, नाव घेतलं की माणसंही ओळखू येतील. आणि खाली एका साहेबांबद्दल जरा तिखट लिहिलंय. मी एमएसडब्ल्यू करतेय, उन्हाळ्याच्या सुट्टीत ही इंटर्नशिप केली. जाऊ की नको असं विचारणारे मेसेज ज्युनिअर्सकडून सारखे येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पहिली गोष्ट, इथे मुलांना शिकवायला मिळत नाही. मुलाखतीतच स्पष्ट सांगतात. माझ्यासोबत निवड झालेल्या एकीने हे ऐकून नकार कळवला. मला मात्र या संस्थेची सगळ्यात चांगली बाजू हीच वाटली. ज्याला त्या मुलांची भाषा येत नाही, ज्यानं शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं नाही आणि जो दोन महिन्यांत परत जाणार आहे, त्याला दुसरीच्या वर्गावर कशाला सोडायचं? पण विद्यार्थ्यांकडूनच फी घेऊन त्यांना थेट वर्गात उभं करणाऱ्या एजन्सी ढिगानं आहेत. अनाथाश्रमांत जाऊन ‘सेवा’ करण्याचा प्रकार तर त्याहून वाईट. तिथल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात, पाहुणे येतात म्हणून मुलं आणून ठेवली जातात. ऑस्ट्रेलियात 2018 चा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला, त्याआधीच्या संसदीय चौकशीत हा विषय होता. फी मागणारी आणि पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) न मागणारी संस्था दिसली तर अर्जच करू नका.

इथे क्लिअरन्स मागितलं, दोन शिफारसपत्रं मागितली आणि पत्र देणाऱ्यांना खरंच फोन केले. पहिले दोन दिवस फक्त बालसुरक्षेचं प्रशिक्षण. मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढायचा नाही, खाऊ-भेटवस्तू द्यायच्या नाहीत. काही गैर दिसलं तर कोणाला सांगायचं, त्या व्यक्तीचा नंबर ओळखपत्राच्या मागेच छापलेला. त्यामुळे इन्स्टावर टाकायला माझ्याकडे मुलांच्या घोळक्यातला एकही फोटो नाही. घरच्यांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

मग काम काय? मोजणी. संस्था ‘एग्रा’ नावाची वाचनचाचणी वापरते. अमेरिकी सरकारच्या निधीतून 2006 च्या सुमारास ती तयार झाली आणि आता अनेक देशांत चालते. मूल आणि चाचणी घेणारा समोरासमोर बसतात. मुलापुढे शंभर अक्षरांचा तक्ता, चाचणी घेणाऱ्याच्या हातात टॅब, वेळ साठ सेकंद. एखाद्या अक्षरावर मूल तीन सेकंद अडलं की पुढचं दाखवायचं. पहिली पूर्ण ओळ चुकली तर तो भाग तिथेच थांबवायचा, मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. बरोबर-चूक काही बोलायचं नाही आणि चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. हे ऐकायला सोपं वाटतं, पण शिक्षकी पेशातून आलेल्या माणसांना फार जड जातं. बरोबर उत्तर आलं की त्यांची मान आपोआप हलते.

मला भाषा येत नव्हती, त्यामुळे चाचणी घेण्याचा प्रश्नच नव्हता. मी मागच्या बाकावर बसून बघायचे. एका भागात मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले शब्द वाचायचे असतात, म्हणजे मूल अक्षरं जुळवून वाचतंय की पाठांतर म्हणतंय ते कळतं. एक मुलगा त्यातला प्रत्येक शब्द थोडासा बदलून ओळखीचा करत होता आणि दरवेळी खूश होऊन वर बघत होता. चाचणी घेणाऱ्या ताई दगडासारख्या बसून टॅबवर एकेक चूक नोंदवत होत्या. बाहेर आल्यावर त्या पोटभर हसल्या.

बाकी दिवस ऑफिसात, एक्सेलसमोर. कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. वयाच्या रकान्यात 110, एकाच मुलीच्या दोन नोंदी, शाळेचा कोड चुकलेला, असलं सगळं निस्तरायचं. पण त्यातच एकदा एका शाळेतल्या साऱ्या चाचण्या चार-चार मिनिटांत उरकल्याचं दिसलं. एका मुलाला एरवी पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी टॅबवरच्या वेळा काढून डेटा बघणाऱ्या मॅडमना दाखवल्या. त्यांनी कोणावरही आरोप न करता त्या शाळेची नोंद बाजूला काढली आणि दुसरं पथक पाठवलं. पुन्हा घेतलेल्या चाचणीत वाचता न येणारी मुलं बरीच जास्त निघाली. देणगीदाराला जाणाऱ्या अहवालात तोच, दिसायला वाईट आकडा गेला. साडेतीनमधले दोन तारे या मॅडमचे.

आता तक्रारी. माझे नेमलेले मार्गदर्शक कायम दौऱ्यावर. दर आठवड्याची बैठक कॅलेंडरवर असायची, प्रत्यक्षात क्वचित. शेवटी विद्यापीठाचा मूल्यमापन फॉर्म पुढे केला तर म्हणाले, “तूच लिही, मी सही करतो.” मी लिहिला नाही, मॅडमकडून भरून घेतला. विद्यावेतनात खोलीचं भाडं आणि बसचा पास भागतो, जेवणाला घरून पैसे लागतात, विमानाचं तिकीट आपलं. वैद्यकीय विमा संस्थेनं काढला, हे बरं केलं. तरी घरचा आधार नसलेल्या मुलांनी हे कसं करावं? 2015 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा एक बिनपगारी इंटर्न तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. एवढी चर्चा होऊनही या क्षेत्रात तरुणांचं काम फुकट किंवा अर्ध्या पैशांत घेण्याची सवय काही सुटत नाही.

एक गंमत. तिथले सहकारी मला भारतातली म्हणून शिक्षणावर काम करणाऱ्या आपल्याकडच्या ‘प्रथम’ या संस्थेबद्दल खोदून खोदून विचारायचे. मुलांची इयत्ता न बघता वाचनाच्या पातळीनुसार गट करून शिकवायची ‘प्रथम’ची पद्धत आता आफ्रिकेतल्या अनेक देशांत पोचली आहे. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे गावोगावी तपासणाऱ्या, 2005 पासूनच्या ‘असर’ सर्वेक्षणाचे अहवालही त्यांनी वाचलेले. मी तोवर फक्त पेपरातल्या बातम्या वाचल्या होत्या, त्यामुळे पहिल्या आठवड्यात रात्री जागून अभ्यास करावा लागला. जाणाऱ्यांनी हे आधीच वाचून जा.

एक्सेल येत असेल आणि शाळेच्या मागच्या बाकावर गप्प बसायची तयारी असेल तर अर्ज करा. मुलाखतीत दोन प्रश्न नक्की विचारा : माझं काम रोज कोण बघणार, आणि ती व्यक्ती त्या काळात ऑफिसात असेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर डेटा विभागातच जागा मागा. आणि अनुभवपत्र निघायच्या आधी हातात घ्या. माझं अजून ‘पाठवतो’वरच आहे.