‘गोदी’चा अर्थ सापडला, गोत मात्र चुकले

आइसलँडच्या मध्ययुगीन कथा वाचताना ‘गोदी’ या पदवीपाशी वारंवार अडायला होत असे, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी एक बहुभाषिक शब्दकोशाचे ॲप घेतले.

मूळ नोंद उत्तम आहे. गोदी हा पुरोहित आणि सरदार असा दुहेरी अधिकारी होता; त्याचे पद वारशाने मिळे, विकता येई, दोघातिघांत वाटूनही घेता येई, आणि 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्याचे पौरोहित्य संपले तरी सरदारकी चालू राहिली, हे सारे तिथे नेमकेपणाने सांगितले आहे. सोबत डेन्मार्कमधील हेल्नेस येथील शिलालेखाचे छायाचित्र आहे. बुडून मेलेल्या पुतण्याच्या स्मरणार्थ हा दगड उभारणाऱ्या रोउल्वने स्वतःला ‘कुथी’ म्हणवले आहे. त्या दगडावरच्या रूनलिपीत, म्हणजे उत्तर युरोपातील प्राचीन कोरीव लिपीत, ‘ग’साठी वेगळे चिन्ह नसल्याने ‘क’च्याच चिन्हावर काम भागवले जाई, आणि ‘ओ’च्या जागी ‘उ’ येई. म्हणजे हा कुथी आपला गोदीच. एवढ्या एका छायाचित्रासाठीही ॲप ठेवावेसे वाटते.

घोळ आहे तो ‘संबंधित शब्द’ या विभागात. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतील ‘गुद्या’, म्हणजे पुरोहित, आणि इंग्रजीतील ‘गॉड’ हे गोदीचे खरे सगोत्र शब्द. त्यांच्याच खाली, त्याच ठशात, इटालियन ‘गोदी’ (तू आनंद घेतोस) येतो, जो लॅटिन ‘गाउदेरे’पासून आलेला आहे; मग कन्नड ‘गोधी’, म्हणजे गहू; आणि शेवटी जहाजे दुरुस्त होतात ती आपली गोदी. दिसायला सारखे आणि नात्याने जवळचे यांत साधी रेघही ओढलेली नाही, त्यामुळे नवख्या वाचकाला हा नॉर्स पुरोहित गव्हाच्या कोठारावर नेमलेला वाटला तर दोष त्याचा नाही.

उच्चाराची ध्वनिफीतही सदोष आहे. यातला ‘द’ जिभेचे टोक दातांपाशी ठेवून, घासत म्हणायचा असतो; इथला आवाज सरळ ‘गोडी’ म्हणतो.

अर्थ आणि इतिहास यांसाठी ॲप जरूर वापरावे, व्युत्पत्तीसाठी मात्र दुसरा कोश जवळ असू द्यावा. पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्तीत नेमका ‘संबंधित शब्द’ हाच विभाग वाढवलेला आहे, म्हणून तूर्त मी मोफत आवृत्तीवरच थांबलो आहे.